वळणाचा कोंबडा

रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी कोंबडा काखेत घेऊन अंगणात फेऱ्या मारते. पंख माझ्या कुशीला दाबलेले, दोन्ही पाय पंजात धरलेले, आणि मी पाण्याच्या टाकीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून टाकीपर्यंत. कोंबड्या पाहत असतात. त्यांनी पाहावं म्हणूनच हे करायचं असतं. यवतमाळच्या आमच्या कॉलनीला आता याची सवय झाली आहे, पण सुरुवातीला शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "काय बाई, नातवाले फिरवून राह्यल्या का?" मी नुसती हसले. उत्तर न देण्याची मला जन्माची सवय. कचेरीत सत्तावीस वर्षं झाली, तिथंही 'बोलत नाहीत बाई' एवढीच माझी ओळख आहे. या पुस्तकाच्या मागच्या प्रकरणांत मी गावाबद्दल लिहिलं, शाळेबद्दल लिहिलं, बाबांच्या कालव्याबद्दल तर पानंच्या पानं लिहिली, आणि मायच्या कोंबड्यांना वळसा घालून पुढं गेले. ज्यांनी आमचं घर पाहिलं आहे त्यांना ते नक्की खटकलं असेल. आता वळसा घालायचा नाही. मायची पहिली शिकवण तीच होती. कोंबडा वाटेत उभा असला तर त्याच्या बाजूनं जायचं नाही, सरळ चालत जायचं. बाजूला त्यानं व्हायचं.

आमचं गाव बोरी अरबपासून पायी तासाभराचं. घर दोन खोल्यांचं, पुढं पडवी, मागं कापसाच्या पऱ्हाट्यांचं कुंपण घातलेली सांदवाडी. त्या मागच्या अंगणात एक कडुनिंब, एक शेवगा, आणि कुडाला टेकून मातीचं खुराडं, ज्याला माय दर शनिवारी आतून राख फासायची. बाबा कालव्यावर पाटकरी होते. कोणत्या शेताला कधी पाणी सोडायचं ते पाहायचं काम. त्यांना खात्याकडून गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट मिळाले होते. त्यातला एक फाटका जोड दाराशी कायम उलटा ठेवलेला असे. घरात सकाळी पहिला आवाज कोंबड्याचा, दुसरा मायच्या बांगड्यांचा, तिसरा भाकरी थापण्याचा. ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल, आणि ज्या दिवशी अंडी कमी विकली जात त्या दिवशी कांदा घालून अंड्याची पोळी. आजही कोणाच्या घरात कांदा आणि अंडं एकत्र तळल्याचा वास आला की मला आधी भूक लागते आणि मग ती सांदवाडी आठवते.

माझ्या आजीच्या काळी कोंबडा पाळायचा तो देवीला देण्यासाठी. देवीच्या नावानं सोडलेल्या कोंबड्याला कोणी हात लावत नसे, रागावत नसे. तो माजायचा, पोरांच्या अंगावर जायचा आणि एक दिवस संपायचा. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला, नवस सुटले, आणि मायच्या हाती पहिल्यांदाच असे कोंबडे आले ज्यांना माणसांच्या घरात म्हातारं व्हायचं होतं. आता त्यांना वळण लावणं आलं. ते मायला कोणी शिकवलं नव्हतं, तिनं ते पाहून पाहून काढलं. तुरा लाल व्हायला लागला की ती त्या पिल्लाला काखेत घ्यायला सुरुवात करी. धडपड थांबेपर्यंत खाली सोडायचं नाही. शांत झाला रे झाला की लगेच सोडायचा, एक क्षणही जास्त धरायचा नाही. दाणे टाकताना आधी कोंबड्यांना, त्यानं मागं उभं राहायचं. काठी उगारायची नाही, लाथ मारायची नाही, त्याला पाहून पळायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याच्याशी खेळायचं नाही.

"काहून नाई खेळायचं?" मी लहानपणी विचारलं होतं.

"आपल्याले थो खेळ वाटते," माय म्हणाली. "त्याच्यासाठी थो खेळ नाई राह्यत. एकदा त्याले वाटलं का माणसासंगं लढता येते, का मंग थो जन्मभर लढतेच."

मायचे कोंबडे चार गावांत प्रसिद्ध होते. ज्यांच्या घरी लहान लेकरं असत ती माणसं मुद्दाम चालत येत. त्यांच्यापैकी सगळ्यात गुणी होता कंडक्टर. हे नाव मायनंच ठेवलं होतं, कारण संध्याकाळी कोंबड्या डालायच्या वेळी तो खुराड्याच्या तोंडाशी उभा राही आणि सगळ्या कोंबड्या आत गेल्याशिवाय स्वतः चढत नसे. एखादी मागं राहिली तर मान वाकडी करून तिची वाट पाही. दाणा सापडला की कुटकुट करून बायकांना बोलावी आणि आपण बाजूला होई. "तुमच्यापेक्षा याले जास्त समजते," माय बाबांना म्हणायची. "आधी तू जेव, मंग मी जेवतो, असं तुम्ही कधी म्हनलं का?" बाबा ताटावरून मान वर न करता म्हणत, "मले तुरा नाई ना."

कंडक्टरच्या वंशात एक पिल्लू निघालं तांबूस-काळं, उंच मानेचं. ते सगळ्यांच्या तोंडाकडे रोखून पाही, म्हणून माय त्याला चेकर म्हणायला लागली. त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते. कापूस वेचणीचे दिवस आले की माय अंधार पडायच्या बेतानं घरी येई, बाबा कालव्यावर, आणि शाळा सुटल्यावर तासभर मी घरात एकटी. मी वळणाची मुलगी होते. सगळे तसंच म्हणत. 'गिरजाबाईची सुमन आणि गिरजाबाईचे कोंबडे, कोणाच्या वाटेले जात नाई.' हे ऐकून मला बरं वाटायचं की राग यायचा, ते मला तेव्हा कळत नव्हतं. एके दिवशी मी उगाचच बाबांचे फाटके गमबूट पायात घातले आणि सांदवाडीत धप्प धप्प पाय आपटत फिरले. चेकर समोर आला. मानेची पिसं छत्रीसारखी उभी राहिली. मी बूट पुढं केला. त्यानं उडी मारली आणि दोन्ही पायांनी रबरावर असा तडाखा दिला की मला हसूच आवरेना. मी पुन्हा बूट पुढं केला.

वर्षभर ते चाललं. थोडा खंड पडे, पुन्हा सुरू होई. बूट घालायचे, पाय आपटायचे, तो येई. मी त्याला 'ये ना, ये' म्हणायचे, मोठ्यानं, घरात कधी बोलले नसेन इतक्या मोठ्यानं. मायची चाहूल लागली की बूट दाराशी उलटे. आणि नवल असं, की माय आली की चेकर अगदी कंडक्टरसारखा वागे. काखेत गप्प, दाण्याला मागं. मायचे पाय अनवाणी असत, आणि बाबा आपले बूट पुढच्या पडवीतच काढून ठेवत. त्याच्या हिशोबात अनवाणी पाय म्हणजे माय आणि काळं रबर म्हणजे लढाई. हे मला समजलं होतं. चौदाव्या वर्षी इतकं समजतं, ते समजत नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला कौसल्यामावशी राहायच्या, मायच्या जिवाभावाच्या. त्यांचा कोंबडा मुंगसानं मारला आणि त्या चेकरला मागायला आल्या. त्यांच्याकडे त्यांची नात रंजू राहायची, पाच वर्षांची. तिचा बाप वणीला कोळशाच्या खाणीवर होता. "गिरजे, लेकरू आहे घरात. पाहून दे," त्या म्हणाल्या. माय कोणालाही कोंबडा देण्याआधी त्याची पाठ-परीक्षा घ्यायची. कोंबड्याकडे पाठ करून उकिडवं बसायचं आणि काहीतरी करत राहायचं. त्या दिवशी ती तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली. चेकर मागून आला, तिच्या लुगड्याच्या काठापाशी थांबला, एक दाणा उचलला, कुटकुट करून कोंबड्यांना बोलावलं आणि बाजूला झाला. कौसल्यामावशींनी तोंडाला पदर लावला. "बाप्पा! माणूसच आहे वं हा."

"माहा कोंबडा अंगावर नाई येत," माय म्हणाली. "आला तर मले सांगजो."

मी दारात उभी होते. माझ्या टाचेला गमबुटाचं रबर लागत होतं. त्या क्षणी मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'माय, हा नको देऊ.' कारण विचारलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं. मी आत जाऊन चूल फुंकत बसले.

पुढं दहाएक दिवसांनी मायनं मला अंबाडीची जुडी देऊन मावशींकडे पाठवलं. दुपारची वेळ. मावशी मागं गोवऱ्या थापत होत्या. मी फाटकाशी होते तोच रंजू घरातून धावत बाहेर आली. तिच्या पायात नवे कोरे छोटे गमबूट. बापानं वणीच्या बाजारातून आणलेले, आदल्याच दिवशी. ते मला दाखवायचे म्हणून तिनं जमिनीवर पाय आपटले. धप्प धप्प. तिच्या हातात खडा नव्हता, काडी नव्हती, काही नव्हतं. दोन्ही हातांनी तिनं फ्रॉक वर धरला होता, बूट दिसावेत म्हणून. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज निघायच्या आत चेकर तिच्यावर होता. त्याच्या पायामागचा काटा तिच्या उजव्या डोळ्याच्या खाली लागला आणि गालावर उतरला. बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता, असं नंतर दारव्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्यामावशी आमच्या अंगणात आल्या. एका हातात डालग्यात कोंडलेला चेकर, दुसऱ्या हाताला रंजू, गालावर पांढरी पट्टी. मागं गल्लीतल्या चार बाया.

"घे तुहा माणूस," मावशी म्हणाल्या आणि डालगं मायच्या पायाशी ठेवलं.

मायनं रंजूच्या पट्टीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला की मला तो पाहवेना. बायांपैकी एक म्हणाली, "पण गिरजाबाईचा कोंबडा उगाच नाई येत कोणाच्या अंगावर. पोट्टीनंच छेडलं असन." दुसरी म्हणाली, "सुमन होती ना तिथं? तिले विचारा. थे खोटं नाई बोलत."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. माय म्हणाली, "सुमे, तू पाह्यलं?"

मी म्हणाले, "हाव. रंजूनं त्याले खडा मारला."

आजवर हे वाक्य मी कुठंही लिहिलं नव्हतं. लिहिल्यावर ते किती लहान दिसतं. रंजू म्हणाली, "नाई मारला वं. म्या नाई मारला." तिचं बोलणं पट्टीमुळं बोबडं येत होतं. "म्या बूट दाखवले." कौसल्यामावशींनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "एक तं खोड्या करतं आणि वरतून खोटं बोलतं!" पाच वर्षांच्या त्या पोरीनं रडणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. 'तू तर तिथंच होतीस ना,' एवढंच होतं.

मायची अब्रू वाचवण्यासाठी मी खोटं बोलले, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मला बूट वाचवायचे होते. आणि मायची अब्रू वाचलीही नाही, कारण तिनं डालगं उचललं आणि बायांसमोर म्हणाली, "खडा मारला तरी माह्या कोंबड्यानं नाई जायला पाह्यजे होतं. लेकराचं काय, लेकरू खडा मारनच. वळण कायले म्हणतात मंग?" तिनं रंजूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली.

त्यानंतर महिनाभर माय चेकरला रोज दोन वेळा काखेत घेऊन फिरली. तिच्या हातात तो मेणासारखा असे. ती त्याच्याकडे पाठ करून तासतास बसे, तो काही करत नसे. ती चिडायची नाही, तिला ते कळायचंच नाही, आणि न कळण्यानं ती आटत गेली. मी चूल सारवत असायचे, पाणी भरत असायचे, सगळं वळणानं करत असायचे. पुढं कोणी कोंबडा मागायला आलं की ती हात जोडायची. "नाई देत आता. माह्या हातात वळण नाई राह्यलं." लोक म्हणत, अहो, पोरीनं खडा मारला होता. ती मान हलवायची. चेकर म्हातारा होऊन आमच्याच खुराड्यात मेला. कंडक्टर त्याच्या आधीच गेला होता. मग मायनं पिल्लं काढणंच बंद केलं, आणि आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज बांगड्यांचा झाला. संध्याकाळी विहारात आम्ही पंचशील म्हणायचो. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं की माझे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझा आवाज तसाही कोणाला ऐकू येत नसे. रंजू गावात 'खोडकर रंजी' झाली ती लग्न होईपर्यंत. कौसल्यामावशी आणि माय पुढंही बोलत राहिल्या, पण पूर्वीचं हसणं गेलं.

माय आता ब्याऐंशीची आहे आणि बाबा गेल्यापासून माझ्याकडे असते. मागच्या पावसाळ्यात मी बाजारातून आठ गावरान पिल्लं आणली. घरच्यांना सांगितलं अंड्यांसाठी. खरं कारण एकच होतं. मायच्या पद्धतीनं, पायरीनं पायरी, एकही चूक न करता मला एक कोंबडा वाढवून दाखवायचा होता, आणि तो तिच्यासमोर उभा करून बोलायचं होतं. रिकाम्या हातानं बोलायची माझी हिंमत नव्हती. पहिले दोन महिने माय बाजेवरून नुसती पाहत राहिली. मग एक दिवस म्हणाली, "असा नाई धरत. पाय मोकळे ठेवले तं थो लात मारनच." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता सोड. शांत झाला ना? मंग सोड, कायले दाबून राह्यली?" चाळीस वर्षांनी तिच्या तोंडी ते शब्द ऐकले आणि मी ठरवलं, तुरा पूर्ण लाल झाला की सांगायचं.

तुरा लाल झाला. माय ओट्यावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. मी समोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. बूट, वर्षभराचा खेळ, रंजूचे रिकामे हात, खडा. सांबाराची पानं एकीकडे, काड्या एकीकडे, तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे माहा हात बरोबर होता," ती म्हणाली.

"हाव."

"चाळीस वर्षं म्या एक कोंबडा नाई केला, सुमे." तिनं जुडी खाली ठेवली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "घरात बूट आहे का? जावयाचे?"

ह्यांचे पावसाळी बूट होते. तिनं मला ते घालायला लावले. चोपन्न वर्षांची मी, साडी पोटरीपर्यंत खोचून, अंगणात उभी. "आपट पाय," माय म्हणाली. मी आपटले. कोंबडा टाकीपाशी होता, तो वळला आणि सरळ माझ्याकडे आला. मानेची पिसं जराशी उभी राहिली. माझा पाय आपोआप मागं जायला लागला. "मागं नको सरू," माय ओट्यावरून कडाडली. "चाल. त्याच्यातून चाल." मी चालले. त्यानं बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि बाजूला झाला. एक दाणा उचलून कुटकुट करायला लागला.

मायनं पदरानं नाक पुसलं. "रंजूले सांगतलं?"

"नाई."

"मंग मले कायले सांगतलं पह्यले? माह्या हाताचं काय, माह्या हातानं काई धपाटा नाई खाल्ला." ती उठायला लागली, गुडघ्यावर हात ठेवून. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येतो तुह्यासंगं."

मी तिला घरी राहायला सांगितलं, ती ऐकणारी नव्हती. रंजूच्या सासरी, राळेगावला जाणाऱ्या एसटीत ती खिडकीपाशी बसली. रंजना आता पंचेचाळीसची, अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनं आधी मायला ओळखलं, वाकून नमस्कार केला, मग मला. उजव्या डोळ्याखालून गालावर उतरलेली पांढरी रेघ अजून आहे, हसली की दुमडते. चहा झाला. माय माझ्याकडे पाहत होती. मी सांगितलं.

रंजना ऐकत राहिली. तिचं बोट त्या रेघेवर गेलं आणि तिथंच राहिलं. मग ती म्हणाली, "आजी मरायच्या आधी दवाखान्यात होती ना, तेव्हाही मले म्हणे, रंजे, आता तरी खरं सांग, मारला होता ना खडा? म्या म्हटलं, हाव आजी, मारला होता. कारण तिले बरं वाटन म्हणून." ती थांबली. "मले स्वतःलेच वाटाले लागलं होतं वं ताई. का मारला असन म्या."

मी माफी मागायला लागले, तर तिनं हात वर केला. माफीचं नंतर पाहू, असा. ती उठून दारात गेली. "पिंकी, बाहेर ये. मामंजी, तुम्हीही या. वयनी, थो गॅस बंद कर आन् ये." तिची कॉलेजातली मुलगी आली, सासरे आले, पिठाचे हात घेऊन जाऊ आली. रंजनानं सगळ्यांना बसवलं आणि स्वतः माझ्या अगदी समोर पाय दुमडून बसली, फ्रॉक धरून बूट दाखवणाऱ्या पोरीसारखी ताठ.

"आता पुन्हा सांग," ती म्हणाली. "पह्यल्यापासून. आणि जरा मोठ्यानं, मामंजीले कमी ऐकू येते."

सगळे माझ्याकडे पाहत होते. अंगणात त्या दिवशी पाहत होते तसेच. मायनं मागून माझ्या पाठीला हात लावला, मागं सरायला जागा नाही हे कळावं एवढाच. मी मोठ्यानं म्हणाले, "रंजूनं खडा मारला नव्हता."